शेऱ्याचा रकाना

“वाचा, मोठ्यानं वाचा,” देशिंगकर साहेब म्हणाले. “शेवटच्या रकान्यात काय काय लिहिलंय ते जरा ऐकू दे.”

पद्मजानं रजिस्टर स्वतःकडे वळवलं. जुलै एक्क्याण्णव. तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि शेरा असे चार रकाने होते. शेऱ्याच्या रकान्यात रोज एकच शब्द होता, तोही इंग्रजी, मोठ्या अक्षरांत, शाळेतल्या मुलानं पाटीवर गिरवावा तसा.

“‘रीड’,” ती वाचू लागली. “‘रीड’. ‘वॉच’. ‘वॉच’. ‘सी’. ‘सी’. ‘लुक’.”

“आणि त्या ‘लुक’समोर आकडा किती?”

“आकडा नाही, सर.”

“म्हणजे बघितलं, पण काय बघितलं ते लिहिलं नाही.” देशिंगकर खुर्चीत मागे रेलले. “अहो, शेऱ्यात ढगाळ लिहायचं, पाऊस लिहायचं, पट्टी तुटली लिहायचं. हा गडी डिक्शनरी उघडून बसलाय. सातवी पास माणूस. कुठनं तरी शब्द हाताला लागले, दिले चिकटवून. मग आकडे तरी कशावरून खरे?”

एकोणीसशे नव्याण्णवचा मे महिना होता. जिल्ह्यातल्या नद्यांच्या जुन्या नोंदी संगणकात भरायचं काम वर्षभर चाललं होतं. पद्मजा इनामदार त्या कामावर कंत्राटी होती. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली, कमी बोलणारी. कुठल्या केंद्राच्या नोंदी विश्वासार्ह आणि कुठल्या नाहीत, हे तपासून तिनं टिपण द्यायचं आणि उपअभियंता म्हणून देशिंगकरांनी सही करायची. नापास झालेली रजिस्टरं रद्दीत जात. आतापर्यंत चार केंद्रांची गेली होती.

हे पाचवं. शहराबाहेर पंचगंगेच्या एका जुन्या घाटावरचं. तिथला गेज रीडर सिद्धराम कोरे बावीस वर्षं रोज सकाळी आठ वाजता पाण्याची पातळी लिहीत आला होता. एकतीस मेला तो निवृत्त होणार होता आणि त्याची जागाही त्याच्याबरोबर संपणार होती.

“लिहा नापास,” देशिंगकर म्हणाले. “तेवढंच एक काम हातावेगळं होईल.”

पद्मजा पानं उलटत राहिली. मग एका पानावर थांबली, दुसरं रजिस्टर ओढलं, त्यातलं एक पान काढलं.

“सर, ‘व्ह्यू’ हा शब्द मला आत्तापर्यंत चारदा सापडलाय,” ती म्हणाली. “चारही दिवशी खाली तपासणीची सही आहे. दोनदा तुमची.”

देशिंगकरांनी चष्मा लावून सही पाहिली. ती त्यांचीच होती.

“बरं,” ते म्हणाले. “जाऊन या एकदा. पण एकतीसच्या आत मला काय ते सांगा. रिटायर झाल्यावर कुणाला विचारायचं?”

*

ती घाटावर पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. घाटाच्या वरच्या अंगाला पत्र्याची एका खोलीची चौकी होती. खाली काळ्या दगडाच्या पायऱ्या पाण्यात उतरल्या होत्या आणि त्यांच्या कडेनं, एकीवर एक रचल्यासारख्या, मीटरभर लांबीच्या पांढऱ्या पट्ट्या दगडात ठोकलेल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर शंभर काळ्या रेघा.

सिद्धराम कोरे चौकीच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात धुतलेला सदरा. ती अगदी जवळ येईपर्यंत त्यानं मान वळवली नाही.

“मी ऑफिसमधून आले. पद्मजा इनामदार.”

“या म्याडम. उनाचं आलाय, आदी पाणी घ्या.” त्यानं आत हाक दिली. “चन्नम्मा, पाणी आण गं. आफिसच्या बाई आल्यात.”

त्याची बायको तांब्या घेऊन आली. साठीच्या अलीकडची, ठेंगणी, मजबूत हाडाची. तिनं पद्मजाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “एवढीशी पोर धाडली व्हय चौकशीला. मला वाटलं पोलीसच येत्यात.”

“चौकशी नाही, मावशी. एक विचारायचंय फक्त.” पद्मजानं रजिस्टर उघडलं. “आप्पा, शेऱ्यात हे शब्द का लिहिलेत?”

सिद्धरामनं दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले.

“बावीस वर्सं वाट बघाय लागलोय,” तो म्हणाला. “कोण तरी इचारंल म्हणून. साहेब आलं, सह्या करून गेलं. च्या पिऊन गेलं. इचारलं कुणीच न्हाय.”

तो उठला, भिंत चाचपत आत गेला आणि खिळ्याला अडकवलेला एक पुठ्ठा घेऊन आला. पुठ्ठ्यावर वहीचं एक पिवळं पान डकवलेलं होतं. वर शाईनं लिहिलं होतं, ‘सी म्हणजे बघणे. याचे भाऊबंद’, आणि खाली सुबक अक्षरात बावीस इंग्रजी शब्द, प्रत्येकासमोर मराठी अर्थ.

“सत्त्याहत्तरला मी लागलो,” तो सांगू लागला. “पयला साहेब आला तवा मी आकडा सांगिटला. तर म्हनला, बघून सांगतोस का बसून सांगतोस? मी म्हनलं, बघून. तर म्हनला, कसं बघिटलंस? एवढंच म्हनला न् गेला. पर ते माज्या डोस्क्यात बसलं. एक मीटर वीस तर लिवलं, पर कसं बघिटलं? खाली उतरून बघिटलं का वरनं? वारं हुतं का पाणी गप हुतं? आकडा एकटा काय सांगणार? आता शेरा लिवायचा तर इंग्लिशमधी लिवायचा, असा हुकूम हुता तवा. मला कुठलं येतंय इंग्लिश. हिचा भाऊ मुरगूडला मास्तर, रुद्रेश. त्याला म्हनलं, बघायला इंग्लिशमधी शब्द किती हायत? त्यानं ह्ये पान लिवून दिलं.”

“त्यो बी हसलाच हुता,” चन्नम्मा आतून म्हणाली. “म्हनला, दाजी कलेक्टर होणार दिसत्यात.”

“ह्यातलं सात माज्या कामाचं निघालं,” सिद्धराम म्हणाला. “बाकीचं नव्हतं.”

पद्मजानं वही काढली.

तो सांगत गेला आणि ती लिहीत गेली. ‘रीड’ म्हणजे पाण्यापर्यंत उतरलो, गुडघ्यावर बसलो, डोळा पाण्याच्या रेषेत आणला आणि मग आकडा घेतला. ‘वॉच’ म्हणजे वारा होता, पाणी पट्टीवर चढत-उतरत होतं. दहा लाटा थांबलो आणि मधला आकडा घेतला. ‘सी’ म्हणजे पायऱ्यांवर शेवाळ किंवा पूर. खाली जाता आलं नाही, वरूनच बघितलं. ‘नोटिस’ म्हणजे पाणी रात्रीत चढून उतरून गेलं होतं. सकाळी दगडावर ओल दिसली तिथवर मोजलं. ‘लुक’ म्हणजे धुकं. बघितलं, पण दिसलं नाही.

“म्हणून त्या दिवशी आकडा नाही?”

“दिसलाच न्हाय तर लिवू काय?”

“आणि ‘व्ह्यू’?”

सिद्धराम पहिल्यांदा हसला. “साहेब लोकांनी बघिटलेलं. पायऱ्या उतरत न्हाईत, बूट भिजत्यात. वरनं हात करत्यात न् म्हनत्यात, लिव रे एक तीस. मी लिवतो. माजा आकडा न्हवं त्यो.”

पद्मजाला देशिंगकरांची सही आठवली. तिनं मान खाली घातली.

“‘ग्लान्स’ राहिला,” ती म्हणाली.

सिद्धरामचं हसू गेलं. “त्यो माजा गुन्हा हाय. घाईत नुसती नजर टाकली. एकदा थोरल्या लेकीला घिऊन दवाखान्यात गेलतो. एकदा आदमापूरची यष्टी चुकत हुती. असं एक्केचाळीस डाव झालंय.”

“मोजलंत?”

“माजीच चूक हाय, मला ठावं नको?”

पुठ्ठ्यावर एक शब्द तिला ओळखीचा दिसला. खात्याच्या छापील फॉर्मवर तोच असायचा, ‘ऑब्झर्व्ह’. तो त्यानं कधीच का वापरला नाही, असं तिनं विचारलं.

“त्यो आफिसचा शब्द हाय म्याडम. त्यात सगळंच बसतंय. उतरून बघिटलं तरी त्योच, लांबनं बघिटलं तरी त्योच. मग त्येचा उपेग काय?”

पद्मजाचं पेन थांबलं. निरीक्षणातली चूक किती, हे निरीक्षणाबरोबरच लिहायचं असतं, नाहीतर ते निरीक्षण अपुरं, हे ती एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकली होती. शिकवणाऱ्यांनी फळाभर समीकरणं मांडली होती. पुढे किती जणांनी ते आयुष्यात पाळलं, देव जाणे. इथं पत्र्याच्या चौकीत एका माणसानं रोज सकाळी आठ वाजता ते पाळलं होतं.

“आणखी एक शब्द आहे,” ती म्हणाली. “चौदा जून सत्त्याण्णवपासून. त्यानंतर रोज तोच. ‘टोल्ड’. तो तर या पानावर नाहीच.”

चौकीत भांड्याचा आवाज होत होता तो थांबला.

“न्हाय,” सिद्धराम म्हणाला. “बघण्यातला न्हवं त्यो. म्हणून दुसरीकडचा घ्यावा लागला.”

“म्हणजे कुणीतरी सांगितलं. कुणी?”

“पाणी बघणाऱ्यानं.” तो नदीकडे तोंड करून बसला. “आदी बाकीचं खरं हाय का बघा म्याडम. मग ह्ये इचारा.”

*

बाकीचं खरं आहे का, हे बघायला एक वाट होती. घाटाच्या खाली थोड्या अंतरावर बंधारा होता आणि तिथं तेरा वर्षांपूर्वी एक यंत्र बसवलेलं होतं. पाण्यावर तरंगणारा डबा, त्याला जोडलेली लेखणी, आणि घड्याळानं फिरणारा कागदी ढोल. यंत्र वर्षातले निम्मे दिवस बंद असे, पण चालू असलेल्या दिवसांचे कागद ऑफिसात गुंडाळून ठेवलेले होते. पद्मजानं ते धूळ झटकून काढले. यंत्राचा आकडा आणि सिद्धरामचा आकडा शेजारी शेजारी ठेवायचे, दोन्ही जागांच्या उंचीतला फरक वजा करायचा आणि उरतं काय ते पाहायचं.

पाच दिवस ती तेच करत होती. आधी सगळ्या नोंदी एकत्र घेतल्या, तेव्हा फरक फार विखुरलेले निघाले. देशिंगकर म्हणत होते तसेच. मग तिनं शब्दागणिक ढिगारे वेगळे केले.

‘रीड’च्या नोंदी यंत्रापासून सरासरी एक सेंटिमीटर हटल्या होत्या. ‘वॉच’च्या दोन. ‘सी’च्या चार. ‘नोटिस’च्या सहा. ‘ग्लान्स’च्या नऊ. संपूर्ण बावीस वर्षांत ‘ग्लान्स’ किती, असं तिनं संगणकाला विचारलं आणि पडद्यावर एक्केचाळीस उमटले.

पद्मजा हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पंख्याखाली कागद फडफडत होते. माणसाच्या प्रामाणिकपणाबद्दल लोक बोलतात, ते तिनं पुष्कळ ऐकलं होतं. तो असा सेंटिमीटरमध्ये मोजता येईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मग तिनं ‘टोल्ड’चा ढिगारा घेतला. ऐकीव नोंदी. त्या सगळ्यात वाईट असणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

फरक अर्धा सेंटिमीटर आला.

तिनं हिशेब पुन्हा केला. पुन्हा अर्धा. तिला वाटलं, कुणीतरी यंत्राचाच आकडा बघून लिहीत असेल. पण यंत्र मधले चार महिने सलग बंद होतं आणि नोंदी तर अखंड होत्या. मग तिला दुसरी तपासणी सुचली. माणसाला आकडे वाचता येतात तेव्हा त्याचा हात नकळत शून्य आणि पाचाकडे ओढला जातो. एकोणचाळीस असेल तर तो चाळीस म्हणून मोकळा होतो. साहेब लोकांच्या चारही ‘व्ह्यू’ नोंदी शून्यावर संपत होत्या, देशिंगकरांच्या दोन्ही धरून. सिद्धरामच्या ‘रीड’मध्येही शून्य आणि पाच थोडे जास्त होते, फार नाही, पण होते. ‘टोल्ड’च्या सातशेवर नोंदींत तिनं शेवटचे अंक मोजले. शून्य सत्तरच्या आसपास, एक सत्तरच्या आसपास, दोनही तेवढेच, थेट नवापर्यंत. कुठल्याच अंकाची ओढ नसलेला डोळा. असा डोळा यंत्राचा असतो, असं तिला पुस्तकानं सांगितलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसनं निघाली आणि पावणेआठला घाटावर होती.

सिद्धराम वरच्या पायरीवर बसला होता, रजिस्टर मांडीवर घेऊन. चन्नम्मा पदर कमरेला खोचून एकेक पायरी उतरत होती. पद्मजाला पाहून ती थांबली नाही. पाण्यापाशी पोचून ती पट्टीशेजारी उकिडवी बसली आणि नुसतीच बसून राहिली. वारा नव्हता. पाणी काचेसारखं होतं, तरी ती बसून राहिली. तिचे ओठ हलत होते. पद्मजानं मोजलं, दहा वेळा हलले. मग तिनं पट्टीच्या वरच्या टोकाला बोट ठेवलं आणि एकेक रेघ सोडत बोट खाली आणू लागली. पाण्याला बोट टेकलं तसं ती वर बघून ओरडली.

“दुसरी पट्टी. तीन इसा न् सात कोरडं.”

सिद्धराम पुटपुटला, “तीन इसा साठ, न् सात सदुसष्ट. शंभरातनं गेलं, तेहेतीस.” त्यानं लिहिलं, एक मीटर तेहेतीस. समोर लिहिलं, ‘टोल्ड’.

चन्नम्मा धापा टाकत वर आली आणि पद्मजाशेजारी बसली.

“कोरडं का मोजता, मावशी? पाण्याला लागलेला आकडाच का नाही बघत?”

“मला आकडा कुठला वाचाय येतोय. वीस पत्तोर मोजाय येतंय, वीस झालं की बोट दुमडायचं.” तिनं पदरानं मान पुसली. “न् पाण्यातलं काय मोजायचं? पाण्यात रेघ वर आल्यावाणी दिसती. काठी बुडवून बघ की, वाकडी दिसंल. पाणी फसवतंय. कोरडं फसवत न्हाय.”

प्रकाशाचं वक्रीभवन पद्मजानं दोन वर्षं बारावीच्या मुलांना शिकवलं होतं.

“आणि आज तर पाणी स्थिर होतं. तरी दहा मोजलेत.”

“ह्येनी वाऱ्यात धा मोजायचं. मी म्हनलं, रोज मोजलं तर काय बिघडतंय? मला कुठं जायाचंय?”

सिद्धरामनं रजिस्टर मिटलं. “आता इचारा म्याडम,” तो म्हणाला.

“दिसत नाही का, आप्पा?”

“काचबिंदू हाय. समोरचं एवढंच दिसतंय, नळीतनं बघिटल्यागत. लिवाय येतंय, पायरी दिसत न्हाय. जून सत्त्याण्णवात पाय घसरला, कमरंएवढ्या पाण्यात गेलो. हिनं सदऱ्याला धरून वढला. डाक्टर म्हनलं, गेलं ते यायचं न्हाय परत.”

“ऑफिसला कळवलं नाहीत?”

“कळवलं असतं तर घरी बशीवलं असतं. न् माज्या जागी दुसरा आला नसता, तवाच म्हनलं हुतं त्येंनी. पाणी कुणी बघिटलं असतं मग?” तो म्हणाला. “पोटाचा बी इचार केला म्याडम, खोटं कशाला बोलू.”

“मग नुसतं ‘रीड’ लिहायचं होतं. कुणाला कळलं असतं?”

“मला,” सिद्धराम म्हणाला.

*

देशिंगकरांनी तिचा तक्ता दोनदा वाचला. पहिल्यांदा भराभर, दुसऱ्यांदा प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. स्वतःच्या दोन शून्यांपाशी ते जरा रेंगाळले.

“हे शिकायला आम्हाला कॉलेजात वर्ष गेलं,” ते म्हणाले. “आणि वर्ष गेल्यावर मी काय लिहिलं तर एक तीस.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “केंद्र पास. दुसरं कुठलंही केंद्र असं नसेल. हे ‘टोल्ड’ म्हणजे काय?”

पद्मजानं सांगितलं. काही गाळलं नाही.

त्यांनी उठून दार लावून घेतलं.

“मी हे ऐकलं नाही,” ते म्हणाले. “नेमलेल्या माणसाशिवाय कुणी वाचलं तर ती नोंद चालत नाही. कागदावर आलं, तर मला कारवाई करावी लागेल. पेन्शनच्या तोंडावर. दोनच गोष्टी करता येतात बघा. एक तर त्या दोन वर्षांत ‘रीड’ लिहा. आकडे तर सोन्यासारखे आहेत, कुणाचं नुकसान नाही. नाहीतर तेवढी दोन वर्षं कोरी सोडा, नोंद उपलब्ध नाही म्हणून. मी सही करतो. विचारा त्याला.”

बसमध्ये पद्मजाला वाटत राहिलं, की विचारायचंच कशाला. पहिला मार्ग तिच्या एका बोटावर होता. सगळ्यात चांगल्या नोंदी वाचल्या असत्या आणि त्या वाचवणं हेच तर तिचं काम होतं. घाट येईपर्यंत ती ते स्वतःला पटवत होती. पण तक्त्यातली पहिलीच ओळ आड येत होती. ‘रीड’, एक सेंटिमीटर. तो एक सेंटिमीटर ज्या माणसाचा होता, त्याच्या नावावर दुसऱ्याचा अर्धा कसा घालायचा?

तिनं दोघांनाही सांगितलं. तक्ता उलगडून, बोटानं दाखवून. अर्ध्या सेंटिमीटरची ओळ आली तेव्हा सिद्धरामनं विचारलं, “म्हंजे हिचं माज्यापरास चांगलं?”

“हो, आप्पा.”

“किती?”

“दुप्पट.”

सिद्धरामनं मान वळवली, बायको नळीत सापडेपर्यंत वळवली, आणि तिच्याकडे बघत राहिला.

“काय बघताय,” चन्नम्मा म्हणाली. “घरात मीठ किती पडतंय त्ये तरी कुठं कळतंय तुमास्नी.”

“साहेब म्हणतायत, ‘रीड’ करा,” पद्मजा म्हणाली. “मग सगळी बावीस वर्षं राहतील. नाहीतर शेवटची दोन जातील.”

सिद्धराम म्हणाला, “माजं इचारू नका. ती दोन वर्सं हिची हायत. हिला इचारा.”

चन्नम्मानं तक्ता हातात घेतला. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, तरी ती त्याच्यावरून नजर फिरवत राहिली.

“रीड केलं म्हंजे ह्येनी उतरून बघिटलं, असंच व्हतंय न्हवं?”

“हो.”

“ह्येंनी तर बघिटलं न्हाय. ह्येस्नी दिसत नव्हतं.” तिनं कागदाची नीट घडी घातली आणि पद्मजाच्या हातात दिली. “मग ते बाकीचं बी कशाला खरं धरंल कोण? नगं. दोन वर्सं जाऊ देत.”

“मावशी, सगळ्यात चांगल्या नोंदी आहेत त्या. परत मिळणार नाहीत.”

“पाणी तरी कुठं ऱ्हायलंय पोरी? ते तवाच गेलं की खाली.” ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. “मी बघिटलं त्ये बघिटलं. बस, भाकरी खाऊन जा.”

*

एकतीस मेला ऑफिसात सिद्धरामला शाल-नारळ दिला. देशिंगकर दोन मिनिटं बोलले आणि मध्येच थांबून त्यांनी त्याला वाकून नमस्कार केला. कारकून एकमेकांकडे बघत राहिले. चन्नम्मा दाराशी उभी होती. तिला कुणीतरी खुर्ची दिली, ती बसली नाही.

दुसऱ्या दिवशी पद्मजानं घाटाचं केंद्र संगणकात पक्कं केलं. वीस वर्षांचे आकडे गेले. शब्दांसाठी संगणकात रकाना नव्हता. देशिंगकरांनी वर पत्र लिहून एक मागून घेतला होता, एकाच अंकाचा. ‘रीड’ला एक, ‘वॉच’ला दोन, असं तिनं सहापर्यंत लावलं. साहेबांच्या ‘व्ह्यू’ला सगळ्यात शेवटचा, नऊ, तो त्यांनी स्वतःच सांगितला होता.

शेवटची दोन वर्षं राहिली. कोऱ्या दिवसांसाठी सोय होती. पहिली तारीख द्यायची, शेवटची द्यायची आणि एक कळ दाबायची. सातशेवर दिवस एका दमात कोरे होत. पद्मजानं त्या कळेवरचं बोट काढलं. रजिस्टर उघडलं आणि चौदा जून सत्त्याण्णववर आली. समोरचा आकडा वाचला. मनाशी म्हटला. पडद्यावर त्या दिवसापुढे ‘नोंद नाही’ भरलं आणि पंधरा जूनवर गेली.

रजिस्टरातल्या जुलैत पाणी पायऱ्या चढू लागलं. पट्ट्या बुडत गेल्या. मीटरचे आकडे ती चन्नम्माच्या मोजणीत मनाशी म्हणत गेली. सातवी पट्टी, एक वीस न् चार कोरडं. आठवी पट्टी, चार इसा न् अकरा. पूर चढला तशी चन्नम्मा एकेक पायरी वर सरकत आली होती. नवव्या पट्टीपाशी, ऑगस्टच्या पाच तारखेला, ती वरच्या पायरीवर नवऱ्याशेजारीच बसून बोट फिरवत असणार.

शिपाई चहा ठेवून गेला. त्यावर साय धरली तेव्हा पद्मजा सप्टेंबरात पोचली होती आणि पाणी हळूहळू उतरायला लागलं होतं.